ई नंबरचा ठोकळा

लोक मला आर्किटेक्ट म्हणायचे तेव्हा मी कधी दुरुस्ती केली नाही. आता निवृत्त झालोय, तर करून टाकतो. मी ड्राफ्ट्समन होतो. आर्किटेक्ट विचार करतो, हवेत हात फिरवतो, हाताला लागेल त्या पाकिटाच्या पाठीवर चार रेघा मारतो. त्या रेघांना मापं घालून गवंड्याला कळेल असं ड्रॉइंग करतो तो ड्राफ्ट्समन. खाली सही आर्किटेक्टची असते. भिंत चुकली की मात्र पहिली हाक ड्राफ्ट्समनला. सुरतेत एकाच ऑफिसात तीस वर्षं मी त्या हाकेला ओ दिली.

वडील अमळनेरजवळच्या गावातून सुरतेला लूमवर आले आणि बारा तासांच्या पाळीत म्हातारे झाले. मी सुरतेतल्या नवागामात वाढलो. आमच्या तिथे निम्मी वस्ती खानदेशची. घरात आणि गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि भांडण हाताबाहेर गेलं की हिंदी. आयटीआयचा कोर्स करून मी अठवालाइन्सच्या एका आर्किटेक्टकडे चिकटलो, तेव्हा वडिलांनी लूमवर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "मना पोऱ्या खुर्चीवर बठस." खरं म्हणजे ड्राफ्ट्समनला उंच स्टूल मिळतं आणि निम्मा दिवस तो उभाच असतो. पण वडिलांचा आनंद कशाला घालवा, म्हणून मी काही बोललो नाही.

नव्वदच्या दशकातलं ते काम आज कुणाला सांगितलं तर हसतात. मोठ्ठा लाकडी बोर्ड, त्यावर ताणून चिकटवलेला ट्रेसिंग पेपर, वेगवेगळ्या जाडीची शाईची पेनं. सुरतेची हवा दमट, मनगटाला घाम. म्हणून हाताखाली कायम घडी घातलेला रुमाल. रेघ चुकली तर खोडरबर काही कामाचं नाही. दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं, शाई हलक्या हातानं खरवडायची, आणि त्या जागेवर अंगठ्याचं नख घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवीन शाई फुटते. पुढे अमोनियाचं प्रिंट. त्या खोलीतून माणूस डोळे पुसत बाहेर यायचा. पहिल्या वर्षी आईला वाटायचं, साहेब मला रोज रडवतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कतारगामच्या एका हिरेवाल्याला कारखान्याचं ड्रॉइंग हवं होतं आणि त्याची एकच अट होती: खोलीला कोपरा नको. साहेबांना वाटलं, वास्तुशास्त्राचं काही असेल. तसं नव्हतं. घासताना हिरा उडतो आणि नेमका कोपऱ्यात, फरशीच्या भेगेत जाऊन बसतो. मग मी भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे सगळीकडे गोलाई काढली, वाटीच्या तळासारखी. वर्षभरानं तो पेढे घेऊन आला. म्हणाला, आता हिरा हरवला तर माणसावर संशय जात नाही, केरसुणीवर जातो. असं कुणी म्हणालं की आठवडा चांगला जायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो.

नवागामच्या पलीकडे लूमवाल्या कामगारांच्या एका सोसायटीनं जागा घेतली होती. शहाण्णव घरं, प्रत्येक दहा फूट रुंद, समोरासमोर रांगा आणि मध्ये गल्ली. बहुतेक सभासद आमच्याकडचेच: अमळनेर, शिरपूर, नंदुरबार. काम आमच्या साहेबांकडे आलं. साहेब गुजराती, अबोल, आणि एका गोष्टीनं पछाडलेले. त्यांचं म्हणणं, गरीब माणसाच्या घरात निम्मं सामान तोडण्यात वाया जातं. गवंडी वीट तोडतो, तुकडा फेकतो, पुन्हा तोडतो. म्हणून त्यांनी ठरवलं की हे घर काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांचं करायचं, आणि साइटवर एकही ठोकळा फोडायचा नाही. घराचं प्रत्येक माप आठ इंचांच्या पटीत. सात प्रकारचे ठोकळे, ए ते जी. ए पूर्ण, बी अर्धा, सी कोपऱ्याचा, डी दारावरच्या पट्टीचा, असे. त्या सातांत सगळं घर बसलं पाहिजे.

महिनाभर आम्ही दोघं त्याच्या मागे होतो. मी पुठ्ठ्याचे छोटे ठोकळे कापून टेबलावर घरं रचायचो, साहेब काढून टाकायचे. शेवटी जमलं. मग मी एका मोठ्या शीटवर सातही ठोकळे काढले. वर एका ओळीत तिरक्या कोनातून दिसणारी चित्रं, त्याखाली प्रत्येकाचा वरून दिसणारा आराखडा, त्याखाली उभा छेद. बाजूला कोष्टक: कुठल्या घराला कुठले किती. तीस वर्षांत माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत देखणं ड्रॉइंग. साहेबांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं आणि सही केली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

त्या देखणेपणातच माझी चूक होती, म्हणून ती जरा नीट सांगतो. हे ठोकळे पोकळ असतात, पण आरपार नाही. डोकं बंद, बूड उघडं. भिंतीत बंद बाजू वर ठेवतात, म्हणजे वर पसरलेला सिमेंटचा माल पोकळीत पडत नाही. पण बनवताना उलटं असतं. लोखंडी फर्म्यात, म्हणजे साच्यात, ठोकळा डोक्यावर उभा असतो, उघडी बाजू वर. आमच्या धंद्यात नियम आहे: जे दिसतं ते सलग रेघेनं काढायचं, जे झाकलेलं आहे ते तुटक रेघेनं. मी ठोकळे भिंतीत बसल्यावर वरून कसे दिसतील तसे काढले होते. म्हणजे आतली पोकळी झाकलेली, तिची रेघ तुटक हवी. पण तुटक रेघांनी शीट मळकट दिसायला लागलं. मी ब्लेडनं खरवडून सगळ्या सलग केल्या. कसं लखलखीत दिसलं.

सहा ठोकळ्यांना त्यानं काही फरक पडत नव्हता, कारण ते दोन्हीकडून सारखे. उरलेला एक, ई नंबरचा, तसा नव्हता. तो दाराजवळचा. त्याच्या एका कोपऱ्याला खाच होती, लाकडी चौकट बसायला. दार एका अंगानं आडव्या भिंतीला टेकलेलं, म्हणून ही खाच दाराच्या एकाच बाजूला लागायची. सगळ्या घरांना एकाच हाताची, डावी तर डावी, उजवी तर उजवी.

फर्मे बनणार होते इच्छापोरला, एका सेठच्या यार्डात. तिथे फर्म्यांचा मिस्तरी शिवदास. आमच्याच गावाकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, नवागामात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. शाळा चौथीपर्यंत, पण लोखंडाच्या पत्र्याकडे बघून तो कुठे वाकेल ते सांगायचा. त्या सोसायटीत त्याचंही एक घर होतं. म्हणजे स्वतःच्या घराच्या ठोकळ्यांचा फर्मा तो स्वतः बनवणार होता, आणि हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

ड्रॉइंग यार्डात गेल्यावर चौथ्या दिवशी शिवदास ऑफिसात आला. दुसरा मजला. चपला त्यानं खाली जिन्यातच काढल्या होत्या. पावलांवर सिमेंटचा थर, हातात प्रिंटची गुंडाळी. आत एक बांधकामवाला गिऱ्हाईक बसला होता, आणि माझ्या शेजारच्या बोर्डावर हसमुख. हसमुख मनानं वाईट नव्हता, पण त्याला अहिराणीची नक्कल करायची भारी हौस. आमच्या बोलीतली चार वाक्यं लांबवून म्हणायची आणि सगळ्यांना हसवायचं. मीही हसायचो.

शिवदास दारातूनच म्हणाला, "विनूभाऊ, येक इचारानं व्हतं. हाऊ ठोकया वरथून देखेल शे का खालथून?"

ठोकळा वरून बघितलाय की खालून. याहून नेमका प्रश्न त्या ड्रॉइंगला कुणी विचारू शकला नसता. मी मात्र प्रश्न ऐकलाच नाही. मला फक्त बोली ऐकू आली, आणि हसमुखनं मान वर केलेली दिसली. गिऱ्हाइकासमोर, साहेबांच्या केबिनच्या दारात, कुणीतरी मला नवागामला परत ओढून नेतंय असं वाटलं. मी स्टुलावरून उतरलोही नाही. गुजरातीत म्हणालो, "ड्रॉइंगमां आप्युं छे ए प्रमाणे करो ने." ड्रॉइंगमध्ये दिलंय तसं करा.

तो "हां" म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी पेन उचललं, रेघ ओढली, ती सरळ आली. त्या वेळी मला काहीही वाटलं नाही, हे आज लिहिताना जास्त लागतं.

ठोकळे बनू लागले. वीस-बावीस दिवस पाणी मारून पिकवले, ट्रक साइटवर आले. पायावर पहिली रांग उभी राहायला लागली आणि दाराची पाळी आली. सुतार चौकट घेऊन आला आणि गवंड्याला म्हणाला, ही बसवू कुठे? खाच घराच्या आत यायला हवी होती, ती गल्लीकडे आली होती. चौकट तशीच बसवली असती तर पावसात कुजली असती, आणि कुणालाही बाहेरून पहार घालून उखडता आली असती. ठोकळा फिरवला तरी जमेना. उलटा केला तर उघडं बूड वर, माल आत पडतो. जवळजवळ पाचशे ई ठोकळे तयार होते आणि सगळे चुकीच्या हाताचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात साहेब, सेठ, शिवदास आणि मी. दहा-पंधरा मजूर फावडी टेकवून उभे. साहेबांनी ड्रॉइंग ठोकळ्यांच्या चवडीवर पसरलं आणि ई वर बोट ठेवलं. सेठ शिवदासला म्हणाला, "हे काय केलंस?" सेठ आणि साहेब बोलत होते गुजरातीत, मी मराठीत सांगतोय.

शिवदास वाकला. पोकळीच्या रेघेवरून त्यानं बोट फिरवलं. सलग रेघ. म्हणजे पोकळी दिसते, म्हणजे उघडी बाजू वर, म्हणजे फर्म्यातला ठोकळा. आणि तो भिंतीत पालथा बसला की खाच दुसऱ्या अंगाला जाते. त्यानं अगदी बरोबर वाचलं होतं. मला ते कळलं आणि मला कळलंय हे त्याला कळलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की रेघ मी चुकवली. पण नोकरी, साहेबांची सही, वडिलांचे पेढे, काय काय डोक्यात आलं. तेवढ्यात शिवदास सेठला म्हणाला, "मेरी गलती है, सेठ. मैं उलटा समझा."

सेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. काय बोलणार होतो, मलाही माहीत नव्हतं. त्यानं मला बोलूच दिलं नाही. डबा काखेत मारत म्हणाला, "तू जाय घर, भाऊ. माले काम कोठे बी भेटी. पन तठे आपला येकच मानूस बठेल शे." मला काम कुठेही मिळेल, पण तिथे आपला एकच माणूस बसलाय. आणि तो बसस्टॉपकडे चालू लागला.

मी घरी गेलो नाही, ऑफिसात गेलो. तीन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती. पाचशे ठोकळे फोडले तर सोसायटीचं काम बसणार होतं. लोक आधीच भाड्याची खोली सोडून कुणाकुणाकडे राहिलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रेसिंग बोर्डावरून काढताना कागद उलटा पडला. ट्रेसिंग पेपर पारदर्शक, मागूनही सगळं दिसतं, फक्त आरशातल्यासारखं. घराचा आराखडा उलट्या हाताचा झाला होता: दार डावीकडचं उजवीकडे. आणि त्या घराच्या दाराला आमचा चुकलेला ठोकळा नेमका बसत होता, खाच आतल्या बाजूला.

पाचशे ठोकळे म्हणजे जेमतेम निम्मी घरं. मी बसून हिशोब मांडला. गल्लीच्या एका बाजूची घरं उलट्या हाताची करायची, चुकलेल्या ठोकळ्यांत. समोरच्या बाजूची मूळ आराखड्याप्रमाणे, नव्या फर्म्यातल्या ठोकळ्यांत. एकही ठोकळा फोडायचा नाही. एकच गोष्ट बदलत होती. साहेबांनी मुद्दाम समोरासमोरची दारं एकमेकांपासून सरकवली होती, एका घरातून दुसऱ्या घरातलं दिसू नये म्हणून. आता ती बरोबर समोरासमोर येणार होती. साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून मापं तपासली. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाटील, तू काम वाचवलंस." दहा वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर पहिल्यांदा हात ठेवला होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. पुन्हा गप्प बसलो.

रविवारी साइटवर सोसायटीची सभा भरली. चेअरमन आमच्याच गल्लीतले, लूममास्टर. त्यांनी मला पुढे बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषण केलं. म्हणाले, "शिवदास मिस्तरीनी चूक करी, पन आपला विनूभाऊनी डोकं लायं आन् आपलं घर वाचाडं." टाळ्या पडल्या. वडील पहिल्या रांगेत होते, त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. शेवटच्या रांगेत, ठोकळ्यांच्या ढिगापाशी, शिवदास आणि त्याची बायको. तोही सभासद, आल्याशिवाय कसा राहील. तो टाळ्या वाजवत नव्हता आणि रागावलेलाही दिसत नव्हता. एखाद्या मापाची खात्री करून घेतात तसा तो माझ्याकडे बघत होता. चहाच्या आधीच दोघं उठून गेली.

फाटकापाशी त्यानं मला माझी नोकरी दिली होती. शाल मी माझ्या हातानं घेतली. हा फरक मला त्या ठोकळ्यांच्या ढिगाकडे बघताना कळला, आणि त्या दुपारी घरी जाताना मी इतका शरमलो होतो की नारळ रिक्षातच राहिला.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. ब्लेड, रेघा, जिना, गुजराती, सगळं. साहेब म्हणाले, "त्या ड्रॉइंगवर सही माझी आहे. तुटक रेघ नाही हे मलाही दिसायला हवं होतं, तेव्हा चूक दोघांची." आणि पुढे म्हणाले, "पण मिस्तरीला माणसांसमोर काढलंय. तू मला केबिनमध्ये सांगतोयस. तसं चालणार नाही."

आम्ही इच्छापोरला गेलो. साहेबांनी मशीन बंद करायला लावलं आणि मागे जाऊन उभे राहिले. मी त्या मजुरांसमोर ड्रॉइंग उघडलं, ही रेघ अशी हवी होती ती मी अशी काढली, मिस्तरीनं बरोबर वाचलं आणि विचारायलाही आला होता, मीच त्याला परत पाठवलं, हे सांगितलं. मजुरांतल्या ओडिया पोरांना माझी गुजराती कितपत कळली कोण जाणे, पण त्यांच्यातल्या एकानं बाकीच्यांना समजावून सांगितलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. सेठ वैतागला. म्हणाला, हे त्याच दिवशी बोलला असतास तर माझं यार्ड आठवडाभर फर्म्याच्या माणसावाचून अडलं नसतं. मग म्हणाला, घेऊन ये त्याला.

शिवदास कतारगामला एका वर्कशॉपमध्ये लागला होता. हिरे घासायच्या घंटीला, म्हणजे फिरत्या चकतीला, लोखंडी स्टँड लागतात, ते बनवायचं काम. मी गेलो तेव्हा तो कानशीनं कड घासत होता. आजूबाजूला सात-आठ माणसं. मी मुद्दाम मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं अहिराणीत म्हणालो, "शिवदासभाऊ, चूक मनी व्हती. यार्डमा सगयासमोर सांगी टाकं. सेठनी तुले बलायेल शे. आन् तू ऑफिसमा उनता तवय मी तुनासंगे जसा बोलना, तेनी माले लाज वाटस." ऑफिसात आलास तेव्हा तुझ्याशी जसा बोललो, त्याची मला लाज वाटते.

त्यानं कानस खाली ठेवली. हात फडक्याला पुसले. त्याचा चेहरा शांत होता. म्हणाला, "छोड़ो साहब, हो गया. सोमवार से आता हूँ."

मला वाटलं, आजूबाजूला हिंदी बोलणारी माणसं आहेत म्हणून.

सोमवारी तो यार्डात आला. ई चा दुसऱ्या हाताचा फर्मा दोन दिवसांत केला, केसाइतकाही फरक नाही. माझ्या नव्या प्रिंटवर सगळ्या पोकळ्या तुटक रेघेत होत्या आणि प्रत्येक ठोकळ्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: बंद बाजूनं पाहिलेला. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "बराबर है, साहब." तेव्हापासून प्रत्येक ड्रॉइंगखाली कुठून पाहिलंय ते लिहायची मी सवय लावून घेतली. नव्या पोरांना एकच शिकवायचो: कामगार प्रश्न घेऊन जिना चढून आला तर स्टुलावरून उतरा. पुढे बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटरवर एक कळ दाबली की घर उलट्या हाताचं होतं. पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही आणि वाटावं असा माझा आग्रहही नाही.

ती वसाहत मात्र काय जमली होती. साहेबांना धाकधूक होती की समोरासमोर दारं, लोक भांडतील. झालं उलटं. नवरा दिवसपाळीला, बायको साडीचे धागे कापायच्या कामाला, तर तान्हं मूल आपल्याच घरात झोपलेलं आणि समोरची बाई आपल्या ओट्यावर भाकरी थापता थापता त्याच्यावर लक्ष ठेवून. संध्याकाळी या दारातून त्या दारात वाटी जायची ती रिकामी परत यायची नाही. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली की एका घरात भाऊबंद मावायचे नाहीत. मग दोन्ही दारं उघडी टाकून मधली गल्ली धरून पंगत बसायची, आणि प्रसादाचे रोट खायला मलाही बोलावणं यायचं. एकदा साहेबांना घेऊन गेलो होतो. ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "ही दारं सरकवण्यात मी पंधरा दिवस घातले होते रे." असं मनापासून हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

शिवदासचं घर उलट्या हाताच्या बाजूला लागलं. म्हणजे त्याच्या दाराला ते पहिलेच ठोकळे. त्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. माझ्याशी तो कधी तुसडेपणानं वागला नाही. यार्डात भेटला की नमस्कार, घरच्यांची चौकशी, मुलीच्या लग्नाची पत्रिका स्वतः आणून दिली. पण सगळं हिंदीत. मी अहिराणीत विचारायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आणि 'विनूभाऊ' गेलं ते गेलंच. पहिली काही वर्षं मी वाट बघितली. मग त्याच्यासमोर अहिराणी बोलताना माझंच मला चोरट्यासारखं वाटायला लागलं, तरी मी सोडली नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. गुडघ्यांनी बसवलंय त्याला, बाकी ठणठणीत. त्याच्या बायकोनं दारातूनच हाक मारली, "या ना दादा, बठा. काब्र उभा ऱ्हायनात?" नात अभ्यास करत होती, तिनं गुजरातीत विचारलं, कोण आलंय. बायको आत-बाहेर करत माझ्याशी अहिराणीत बोलत होती, गावाकडचं कोण गेलं, कुणाच्या पोराला नोकरी लागली. मी तिला उत्तरं देत होतो आणि कान मात्र त्याच्याकडे लावून होतो. त्यानं एकदा मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, फक्त आपल्या बोलीत घालायला हव्या होत्या.

तो खाटेवर सावरून बसला. बायकोला म्हणाला, "च्या ठेव व, आलं टाकजो." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं विचारलं, "साहब, शक्कर कितनी?"